वेळासची कासवसभा

कोंकणांत दिवेलागणीनंतर चार माणसांनीं एकत्र बसून कांहीं ऐकावें, ही चाल जुनी आहे. चातुर्मासांत देवळांत पुराण चाले, उत्सवांत कीर्तनें होत, शिमग्यांत खेळे येत. आणि यांपैकीं कांहींच नसलें तरी ओटीवर सुपारी कातरीत बसलेल्या आजोबांच्या गोष्टी असतच. आजकाल घरांतील संध्याकाळ ज्याच्या त्याच्या हातांतील फोनमध्यें वांटली गेली आहे. अशा दिवसांत रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोंकास असलेल्या एका लहानशा गांवीं उन्हाळ्याच्या तोंडाशीं रोज सायंकाळीं एक सभा भरते, आणि तिच्यांत वक्ते गांवचे व विषय समुद्राचा असतो, असें आमच्या कानीं आलें. म्हणून होळीच्या सुटीस दोन दिवस जोडून, काकांपासून धाकट्या बापूपर्यंत, आम्ही घरचीं सातजणें वेळासला जाऊन आलों.

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगांव, म्हसळें, श्रीवर्धन असा आमचा मार्ग होता. हरिहरेश्वराचें दर्शन घेऊन बागमांडल्यास आलें कीं सावित्रीची खाडी आडवी येते. तेथें मोटारीसकट माणसांस पलीकडे नेणारी फेरीबोट आहे. पैलतीरीं वेसवी, तेथून बाणकोट. डोंगरावरचा जुना हिंमतगड खाडीच्या मुखावर अद्याप पहारा करीत असल्यासारखा दिसतो. इंग्रजांनीं त्यास फोर्ट व्हिक्टोरिया असें नांव दिलें होतें. बाणकोट ओलांडून रस्ता पुन्हां समुद्राकडे वळतो आणि नारळीपोफळींच्या गर्द सांवलींत शिरतो. तेंच वेळास.

पेशवाईंतील मुत्सद्दी नाना फडणीस यांच्या भानू घराण्याचें हें मूळ गांव. जांभ्या दगडाचे गडगे, शेणानें सारवलेलीं अंगणें, पाटाचें पाणी खेळणाऱ्या वाड्या आणि गांवचें महालक्ष्मी-रामेश्वराचें देऊळ, एवढीच येथील श्रीमंती. हॉटेलांची गर्दी नाहीं. पाहुण्यांनीं गांवकऱ्यांच्याच घरीं उतरावें. आमच्या यजमानीणबाईंनीं माजघरांत पानें मांडून कुळथाचें पिठलें, भात व सोलकढी वाढली, आणि वर बजावलें, "सायंकाळीं सभेला जा हो. किनाऱ्यावर कासवांचीं पिलें दिसतील न दिसतील, पण सभा चुकवूं नका." या वाक्याचा अर्थ आम्हांस पुढें कळला.

या सभेचा इतिहास थोडक्यांत सांगावयास हवा. चिपळूणची सह्याद्रि निसर्ग मित्र ही संस्था श्री. भाऊ काटदरे यांनीं स्थापिली. इ. स. २००२ मध्यें तिचे कार्यकर्ते समुद्रगरुडांच्या शोधांत या किनाऱ्यानें हिंडत असतां, ऑलिव्ह रिडले जातीचीं कासवें येथें अंडीं घालावयास येतात व तीं अंडीं चोरीस जातात, हें त्यांच्या लक्षांत आलें. वन्यजीव संरक्षणाचा कायदा इ. स. १९७२ पासून होता. परंतु रात्रीं दोन वाजतां ओसाड वाळूवर कायदा कोण राखणार? संस्थेनें गांवकऱ्यांशींच बोलणीं सुरू केलीं. गांवांतील तरुण 'कासवमित्र' झाले आणि इ. स. २००६ पासून कासवमहोत्सव भरूं लागला. पाहुणे गांवांत उतरूं लागले, तेव्हां वाळूंतील अंडें उकरून मिळणाऱ्या चार पैशांपेक्षां तें राखण्यांत घराचें अधिक हित आहे, हें सर्वांस पटलें.

त्या सायंकाळीं किनाऱ्यावर पिलें निघालीं नाहींत. जमलेल्या मंडळींपैकीं कांहीं जण हिरमुसले. एक कुटुंब तर "एवढा प्रवास फुकट गेला" असें म्हणत तेथूनच परतलें. आम्ही मात्र यजमानीणबाईंचा शब्द स्मरून एका घराच्या अंगणांत, सुपाऱ्या वाळवावयाच्या मांडवाखालीं, सतरंजीवर जाऊन बसलों. समोर एक पांढरें धोतर ताणून पडदा केला होता. बोलावयास उभा राहिला तो तिशीचा एक कासवमित्र. भाषा कोंकणी वळणाची, आवाज खालचा; पण विषय असा हातांत मुरलेला कीं एकहि वाक्य वायां गेलें नाहीं.

तो म्हणाला, मादी रात्रीं भरतीच्या रेषेच्या वर चढते आणि मागच्या पायांनीं सुमारें दीड फूट खोल खड्डा करते. त्याचा घाट तांब्यासारखा: तोंड अरुंद, पोट रुंद. त्यांत ती शंभराच्या आसपास अंडीं घालते, वाळू लोटते, अंगाच्या भारानें ती दाबते आणि मागें वळून न पाहतां निघून जाते. त्या वेळीं तिच्या डोळ्यांतून पाणी गळतें. आमच्या आईनें लगेच चुचकारलें, तेव्हां तो हंसून म्हणाला, "आजी, तें रडणें नव्हे. समुद्राचें खारें पाणी पोटांत जातें, त्यांतलें जास्तीचें मीठ ती डोळ्यांवाटे टाकते."

पहांटे कासवमित्र किनारा धुंडाळतात. वाळूवर उमटलेला माग पाहून घरटें हुडकावयाचें, आणि कोल्ह्याकुत्र्यांच्या तावडींत जाण्यापूर्वीं अंडीं जाळीच्या कुंपणांत, तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यांत हलवावयाचीं. हें काम घाईनें, पण देवघरांतील समई उचलावी तसें हलकेपणानें करावें लागतें. कारण घातल्यावर कांहीं तासांनीं आंतील जीव कवचाला वरच्या बाजूस चिकटतो, आणि मग अंडें उलटें झालें तर तो मरतो. पुढें पन्नास-पंचावन्न दिवस वाळूची ऊबच आईचें काम करते. पिलू नर होणार कीं मादी, हेंहि ती ऊबच ठरविते: वाळू अधिक तापली तर माद्या अधिक, थंड राहिली तर नर अधिक.

एवढ्यांत मांडवाच्या कडेस बसलेले गांवचे एक वृद्ध गृहस्थ आपण होऊन उभे राहिले. त्यांनीं जें सांगितलें तें आम्ही शक्य तितकें त्यांच्याच शब्दांत देतों: "मी या पोरांस माग ओळखावयास शिकविलें. पण मला तो कोणीं शिकविला? बापानें. कशासाठीं? अंडीं काढण्यासाठीं. काठी वाळूंत घातली कीं कोठें भुसभुशीत लागते तें हाताला कळे. देवळांत जातांना दगडी कासवाला नमस्कार करावयाचा आणि रात्रीं वाळूंतलें कासव लुटावयाचें. त्यांत कांहीं चुकतें आहे असें तेव्हां कोणास वाटलें नाहीं. कारण कोणीं सांगितलेंच नव्हतें." एवढें बोलून ते बसले. मांडवांत कांहीं क्षण कोणी बोललें नाहीं. तीच विद्या, तेच हात. फक्त कोणीतरी समजुतीनें सांगावयास आलें आणि या लोकांनीं तें ऐकून घेतलें.

मग मुलांचे प्रश्न सुरू झाले. आमच्या बापूनें विचारलें, "हजार पिलांतलें एखादेंच मोठें होतें म्हणतां, तर मग एवढा खटाटोप कशाला?" कासवमित्र म्हणाला, "बाळ, वाडींत लावलेली प्रत्येक सुपारी रुजत नाहीं, तरी आम्ही लावतों. आणि समुद्रांतलें आपल्या हातीं नाहीं. भरतीच्या रेषेच्या वरचें तेवढें आपल्या हातीं आहे." दुसऱ्या एका मुलीनें विचारलें, तीं जातात तरी कोठें? त्यानें दोन हकीकती सांगितल्या. इ. स. २०२२ च्या जानेवारींत याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशीं जोडलेलें यंत्र बसविलें. तिचें नांव 'प्रथमा' ठेविलें, आणि ती उत्तरेस गुजराथच्या समुद्राकडे गेल्याचें दिसलें. दुसरी याहून नवलाची. इ. स. २०२१ मध्यें ओरिसांत धातूचा बिल्ला लावलेली एक मादी इ. स. २०२५ च्या जानेवारींत गुहागरच्या वाळूवर अंडीं घालतांना सांपडली. म्हणजे तिनें पूर्वसमुद्र व पश्चिमसमुद्र दोन्हीं आपले मानले. पूर्वेकडचीं कासवें तिकडचीं व आपलीं आपल्याकडचीं, असा जो समज होता, तो एका बिल्ल्यानें हलविला.

दुसरे दिवशीं उजाडतां आम्ही पुन्हां किनाऱ्यावर गेलों. कुंपणांतील एक टोपली उचलली, तों खालीं तेवीस पिलें! तीं समुद्रापासून कांहीं अंतरावर वाळूवर सोडण्यांत आलीं. आदल्या रात्रीं ऐकलें होतें कीं हा किनारा त्यांच्या ठायीं ठसावा म्हणून तीं आपल्या पायांनींच चालत जावीं लागतात. मोठ्या झालेल्या माद्या पुढें जन्मल्या भागांतच परततात आणि नर तर पुन्हां जमिनीवर येतच नाहींत. त्यामुळें दोरीच्या अलीकडे उभें राहून मुलांपैकीं कोणीहि "उचलून टाका ना पाण्यांत" असें म्हटलें नाहीं. शेजारच्या ज्या मंडळींनीं सभा ऐकिली नव्हती, त्यांच्याकडून तें वारंवार ऐकूं येत होतें. दृश्य दोघांपुढें एकच होतें. आमच्या मुलांस त्याचा अर्थ ठाऊक होता, एवढाच भेद.

येथील सर्व निर्वेध आहे असें मात्र समजूं नये. उन्हाळे वाढले तर वाळू तापून माद्याच फार निपजतील, ही चिंता अभ्यासकांस आहे. रात्रीचीं पिलें उजळ क्षितिजाच्या रोंखानें समुद्र ओळखतात. किनाऱ्यालगत दिव्यांचा झगमगाट झाला तर तीं उलट गांवाकडे वळतील. आणि ज्या पाहुण्यांमुळें कासव राखलें गेलें, त्यांचीच गर्दी मर्यादेबाहेर गेली तर त्यांच्या पायांखालची वाळूच तिला पुरी पडणार नाहीं. त्या तरुणानें हें सारें सभेंत झांकून न ठेवतां सांगितलें, आणि जातांना बॅटऱ्या विझवावयास लावल्या. अंधारांत आम्ही हात धरून घरीं आलों.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांस फाल्गुन-चैत्रांत सवड असेल त्यांनीं वेळासला अवश्य जावें. परंतु निदान एक रात्र राहण्याच्या बेतानें जावें, पिलें दिसतीलच असा हट्ट धरूं नये, आणि वडील माणसांस बरोबर न्यावें, कारण त्यांच्याजवळहि सांगण्यासारखें बरेंच असतें. परत आल्यापासून आमच्या घरीं शनिवारीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर तासभर सर्वांनीं ओटीवर बसण्याचा परिपाठ पडला आहे. पहिल्या शनिवारीं काकांनीं त्यांच्या लहानपणच्या ओढ्यांतील माशांविषयीं सांगितलें. त्यांतील तीन जाती आतां तेथें दिसत नाहींत. त्या कोठें गेल्या, हा बापूचा प्रश्न अद्याप आमच्यापुढें आहे, आणि पुढच्या सुटींत त्या ओढ्यावर जावयाचें ठरलें आहे.