पाहुणे तलावावर, घरधनी बांधीत

मुंबईला शिवडीच्या खाडीवर रोहित पक्षी उतरतात आणि ते पाहायला माणसांची झुंबड उडते. आपल्या गोंदिया जिल्ह्याला ना समुद्र, ना बंदर. पण पौष महिन्यात भल्या पहाटे नवेगावबांधच्या पाळीवर येऊन तर पाहा. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला हा तलाव. धुके वर सरकले की पाण्यावरचे काळे ठिपके हलू लागतात. सुईसारख्या शेपटीचे तलवार बदक, तांबड्या डोक्याची लालसरी, जोडीने फिरणारे नारिंगी चक्रवाक. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे दिसले, तर तो पट्टकादंब समजा. तिबेट-लडाखकडून हिमालय ओलांडून तो येतो, आणि तुमच्या कोवळ्या पिकातही उतरतो. तेवढी तक्रार खरी आहे.

दुर्बीण नसली तरी अडत नाही. मळकट कपडे घाला, कुत्रा घरी ठेवा आणि सूर्य पाठीशी घेऊन बसा. वनाधिकारी मारुती चितमपल्ली येथे नोकरीला होते, तेव्हा पक्ष्यांची पुष्कळ माहिती त्यांना गावच्याच माधवराव पाटील डोंगरवारांकडून मिळाली.

हे झाले पाहुणे. घरधनी मात्र सारस. तो कुठे जात नाही. महाराष्ट्रात तो मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात उरला आहे. पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटे करतो, बहुधा दोन अंडी घालतो. हिवाळ्यात ही कुटुंबे कापलेल्या बांध्यांत आणि तलावाच्या काठाला चरताना दिसतात. पुरुषभर उंचीच्या जोडीमागे तपकिरी डोक्याचे पिल्लू आहे का, तेवढे पाहा. त्यावरून तिथला पावसाळा कसा गेला ते कळते.

इथे मला माझीच गोष्ट सांगितली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीला गादमाशीसाठी बांधीत फोरेटचे दाणे टाका, असे मीच गावोगाव सांगत फिरलो. धान वाचले, पण बेडूक, गोगलगायी, खेकडे पाण्यावर उलटे तरंगत. सारसाचे खाणे तेच, हे मला बऱ्याच उशिरा उमगले. 2020 च्या अखेरीपासून फोरेटवर बंदी आहे. आता मी गादमाशीला दाद न देणारे वाण लावा म्हणतो. जुने डबे कोणाच्या कोठीत अजून असतील, तर ते बांधीत रिकामे करू नका आणि तलावात धुऊ नका.

गेल्या हिवाळ्यात एका काकाजींच्या धुऱ्यावर बसलो होतो. पावसाळ्यात त्यांच्या बांधीत सारसाचे घरटे होते. त्याच्याभोवतीचे निंदण त्यांनी तसेच सोडले होते.

"अंडे दोन होते सायेब," ते म्हणाले. "एक कोल्ह्यानं नेलं."

समोर कापलेल्या धानात नर-मादी चरत होती, आणि दोघांच्या मधे ते एक पिल्लू.