एकाच सतरंजीवर

आमच्या अंगणवाडीला खोली एकच. नुकतं तिसरं वर्ष पुरं झालेली, आईचा पदर न सोडणारी पोरं तिच्यात असतात आणि जूनमध्ये पहिलीत जाणारीही. वयाप्रमाणे वेगळं बसवा, असं अनेकजण सुचवतात. मी बसवत नाही. मोठ्यांच्या शेजारी बसून धाकटी जेवढं उचलतात, तेवढं माझ्या सांगण्यातून उचलत नाहीत.

उन्हाळा लागला की घरोघर चिंचा फोडायचं काम निघतं. मुलांना एकदा सांगून ठेवलं की चिंचोके येतात, कुणाच्या खिशातून, कुणाच्या फ्रॉकच्या ओच्यातून. धुऊन वाळवले की आमचं साहित्य तयार. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, शिंपले, माती वापरून बालवाड्या चालवल्या. सतरंजीवर चिंचोके ओतताना त्या दोघींची आठवण येतेच.

अगदी लहानांना मात्र मी चिंचोके देत नाही, नाकातोंडात जातात. त्यांना करवंट्या आणि घमेलंभर वाळू. भरायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं. बोटं आणि मनगट त्यातच घट्ट होतात. उद्या पेन्सिल धरायची ती याच हातांनी.

चार वर्षांची निवडायला बसतात. काळे एकीकडे, तांबूस दुसरीकडे, एवढंच मी सांगितलं होतं. एका मुलीनं तिसरा ढीग मांडला.

“हे काय गं?”

“किडके आहेत, बाई.”

हा गट तिचा तिनं शोधलेला. मला फार आनंद झाला.

मोठ्यांचा खेळ पटाचा. चिंचोका फोडला की दोन फाका होतात, एका अंगाला पांढऱ्या, दुसऱ्या अंगाला काळ्या. चार फाका टाकायच्या. जितक्या पांढऱ्या तितकी घरं पुढं. चारही काळ्या पडल्या तर आठ. सुरुवातीला पोरं प्रत्येक फाकेवर बोट ठेवून मोजतात. हळूहळू बोट सुटतं आणि फाका पडल्या पडल्या “तीन!” अशी आरोळी येते. संख्या नजरेला दिसायला लागते, आणि हे पाटीवर गिरवून येत नाही, याची मला खात्री आहे.

घरं मोजताना लहानांची हमखास गडबड होते. सोंगटी उभी असते तेच घर ती ‘एक’ म्हणून मोजतात. मी समजावून थकले होते. एका मोठ्या मुलानं शेजारच्या धाकट्याला हात धरून उठवलं, फरशीवर एक उडी मारायला लावली आणि म्हणाला, “आता एक! उडी मारल्याशिवाय एक नाही.” धाकट्याला तिथल्या तिथं कळलं. तेव्हापासून मीही तसंच शिकवते.

“बाई, पोरं नुसती खेळतात, अ आ कधी काढणार?” असं एका आईनं विचारलं. तिची काळजी खरी होती. मी तिला खेळाच्या वेळी येऊन बसायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती सासूबाईंनाही घेऊन आली. आजींनी पट पाहिला, पदर खोचून खाली बसल्या आणि आमच्या नियमांत दुरुस्तीच केली: चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायला मिळतं. आता पोरं आजींच्या नियमानं खेळतात, आणि आजी बाजाराचा दिवस सोडून रोज येतात.