नांव नसलेला डबा
ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, हें पुष्कळांस ठाऊक असतें. त्या हवेंत पाणी असतें, हें थोड्यांस. दाबलेली हवा निवली कीं बाष्पाचें पाणी होतें, टाक्या गंजतात, झडपा अडकतात. म्हणून वाटेंत शोषक मण्यांचा डबा बसवितात: एअर ड्रायर.

माझ्या मेहुण्यानें असा एक जुना ड्रायर भंगारांतून आणला. त्याचा ट्रक नेहमीं बोरघाट उतरतो. मला ही काटकसर रुचली नाहीं. शिवाय नांवाची पट्टी झडलेली. "नांव कशाला, सर? भोकांपाशीं लिहिलंय कीं," मिस्त्री म्हणाला. रॉकेलनें पुसतांच ओतीव अंगावर आंकडे दिसले: १ कंप्रेसरकडून, २१ टाकीकडे, ३ पाणी सांडण्यास, ४ गव्हर्नरच्या इशाऱ्यास. पदवी पाहून माणूस ओळखण्याच्या आमच्या धंद्यांत ही सोय नाहीं.

मणी मात्र त्यानें नवेच घातले. कंप्रेसरपासूनची नळी धातूची, उतरती, कोठेंही झोळ नसलेली. झोळांत पाणी सांचतें. इंजिन सुरू झालें. दाब ८ बारच्या आसपास पोंचला आणि डबा फुस्कन् शिंकला. मेहुणा हंसला. मिस्त्री वाकून ते शिंतोडे बोटावर घेऊन त्यांत तेल आहे का, तें पाहत होता.