किती एक्स हवेत?

कॅमेऱ्याच्या दुकानात पाऊल ठेवलं की पहिला प्रश्न ठरलेला. ‘‘मॅडम, किती एक्सचा दाखवू?’’ जणू काही साडीची रेंजच विचारतायत! ३०, ६०, ८३, १२५... आकडा जितका मोठा तितका कॅमेरा भारी, असा एकंदर समज. ऑफिसमधल्या तज्ज्ञांचा फंडाही तोच. अकाउंट्समधल्या एका मित्राने तर चहाबरोबर सल्ला फुकट दिला, ‘‘घ्यायचाच तर १२५ एक्स घे. चंद्रावरचे खड्डे दिसतात!’’ दिसतात, अगदी खरंय. पण चंद्र पळत नाही. माझी भाची पळते.

भाची म्हणजे दादाची मुलगी. वय वर्षं १२, उंची १४० सेंटिमीटर, शिवाजी पार्कवर क्रिकेट खेळते. दादा मर्चंट नेव्हीत. वर्षातले सहा-सात महिने बोटीवर. वहिनीला शनिवारी ड्युटी, त्यामुळे मॅचला जायचं खातं आत्याकडे. मी कट्ट्यावरून फोनने फोटो काढायचे, दादाला पाठवायचे आणि तिकडून मेसेज यायचा, ‘‘यातली आपली कुठली?’’ मग मी लाल गोल काढून पुन्हा पाठवायचे. गोलाच्या आत एक पांढरा ठिपका. बापाने आपली लेक गोलावरून ओळखायची, हे काही मनाला पटेना. म्हणून कॅमेरा.

फोनची यात काही चूक नाही हं. साधा हिशेब करून बघा. कट्ट्यापासून पिच ६० मीटर धरा. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ मिमीचा. तेवढ्या अंतरावर त्याच्या फ्रेममध्ये ६५ मीटर उंचीचा तुकडा मावतो. १२ मेगापिक्सेलचा फोटो ३००० पिक्सेल उंच असतो. म्हणजे आमच्या खेळाडूच्या वाट्याला आले जेमतेम ६५ पिक्सेल! १२० मिमीची टेलिफोटो लेन्स असलेला महागडा फोन, म्हणजे २०२३ चा आयफोन १५ प्रो मॅक्स वगैरे, घेतला तर सव्वातीनशे. आणि स्क्रीनवर दोन बोटांनी चित्र ताणलं तर? ठिपका मोठा होतो, लेक नाही. डिजिटल झूमचं हे असंच असतं.

आता एक्सची भानगड. एक्स म्हणजे लेन्सच्या सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड टोकाचा भागाकार. २४ ते ६०० मिमी म्हणजे २५ एक्स. २५ ते ४०० म्हणजे १६ एक्स. बस्स, इतकंच. लेन्स किती लांब पोचते ते पाहायचं तर मिलिमीटरचा आकडा वाचायचा.

मित्राचा लाडका कॅमेरा म्हणजे निकॉनचा पी१०००, २०१८ सालचा. २४ ते ३००० मिमी, वजन एक किलो ४१५ ग्रॅम. पण पूर्ण झूम केल्यावर ६० मीटरवर त्याच्या फ्रेममध्ये मावतो फक्त अर्धा मीटर. भाचीचं हेल्मेट आणि खांदे! तिने पुढे पाय टाकला की फ्रेममध्ये उरतं रिकामं शिवाजी पार्क. झाडावरच्या पक्ष्यासाठी झकास, रन काढणाऱ्या मुलीसाठी नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. इतका लांब झूम हातात मावतो, कारण आतला सेन्सर नखाएवढा असतो, सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिमी. ‘१ इंची’ म्हणून विकला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ गुणिले ८.८ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. शिवाय पी१००० पूर्ण झूमवर एफ ८ होतो. एफ ४ च्या लेन्समधून त्याच्या चौपट उजेड येतो. चार चोक सोळा! फिरणारी बॅट गोठवायला शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं झटपट लागतं. दुपारी अकराला हे कुठलाही कॅमेरा जमवतो. मॅच लांबते, साडेपाच वाजतात, ढग येतात, तेव्हा हा सोळापट फरक कळतो. नाहीतर फोटोवर रवा पसरल्यासारखे दाणे. आणि ‘स्टॅबिलायझर आहे ना’ म्हणाल, तर तो आपला हात सावरतो. समोरच्याचा पाय नाही.

या हिशेबात माझ्या यादीत तीन नावं उरली. सोनीचा आरएक्स१० मार्क ४ (२०१७): १ इंची सेन्सर, ६०० मिमीपर्यंत, सेकंदाला २४ फोटो. सॉलिड! पण किंमत बघून मी तो काउंटरवर हळूच परत ठेवला. पॅनासोनिकचा एफझेड३०० (२०१५): ६०० मिमीपर्यंत एफ २.८ कायम, पण सेन्सर लहान. आणि पॅनासोनिकचाच एफझेड१००० (२०१४): १ इंची सेन्सर, ४०० मिमीला एफ ४, वजन ८३१ ग्रॅम. फोर्टात हा सेकंडहँड मिळाला. मित्र म्हणाला, ‘‘फक्त सोळा एक्स?’’ हो, फक्त सोळा. पण त्याच ६० मीटरवरून भाचीला मिळाले साधारण १४०० पिक्सेल.

पहिल्याच शनिवारी ती चार रन्सवर बोल्ड झाली. हेल्मेट काढून परत येतानाचा फोटो दादाला पाठवला. या वेळी ‘कुठली’ असा प्रश्न आला नाही. बऱ्याच वेळाने मेसेज आला, ‘‘आउट झाल्यावर ओठ चावते. थेट आई!’’ हे मला इतक्या मॅचेस पाहून कधी दिसलं नव्हतं.

घरातही हाच झूम कामाला येतो. आमची आई फोन दिसला की पदर सावरून पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी ताठ होते. हॉलच्या कोपऱ्यातून थोडा झूम केला, की वाटाणे सोलणारी, सुनेशी हसणारी खरी आई मिळते. मात्र ट्यूबलाइटमध्ये मोठा सेन्सरच हवा, इथेही उजेडाचाच हिशेब.

तेव्हा मंडळी, खरेदीला जाताना घरून तीन उत्तरं घेऊन जा. ज्याचा फोटो काढायचाय तो किती लांब असणार, किती वेगात आणि कुठल्या उजेडात? दुकानात झूम पूर्ण करा आणि रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला फ्रेममध्ये धरून ठेवता येतंय का बघा. डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर हवाच. भर उन्हात स्क्रीन दिसत नाही, आणि डोळ्याला टेकवलेला कॅमेरा कमी हलतो. बटण अर्धं दाबून फोकस किती चटकन लागतो तेही तपासा. जुना घेत असाल तर झूमच्या मोटरचा आवाज ऐका आणि लेन्सच्या आतली धूळ बघा. ही लेन्स सुटी होत नाही, त्यामुळे आतली धूळ घरी पुसता येत नाही.

एक तोटा मात्र कुठल्याच माहितीपत्रकात छापत नाहीत. एक डोळा मिटून मॅच बघावी लागते, आणि चौकार गेला तरी हात अडकलेले! दादा पुढच्या महिन्यात बोटीवरून उतरतोय. आला की कॅमेरा त्याच्या गळ्यात. मला एकदा तरी भाचीसाठी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायच्यात.