ताप्ती लाईनवरून दिसणारी बुलेट

आमच्या नंदुरबार भागात सुरत हे परगाव समजले जात नाही. 1 मे 1960 रोजी राज्ये दोन झाली, नवापूर स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात राहिला नि अर्धा गुजरातेत गेला. पण माणसांची ये-जा ताप्ती लाईनवरून होती तशीच राहिली. उधना, लिंबायत, डिंडोलीच्या गल्ल्यांतून हिंडावे, तर कानावर अहिराणी पडते. गावी कोणी वारले की जाणती माणसे म्हणतात, "सुरतेची गाडी येऊ द्या, मग उचलू." माझ्या वडिलांच्या वेळी धाकटा भाऊ उधन्याहून निघाला होता. गाडी वेळेवर होती. अंतरच तेवढे होते. दिवे लागेपर्यंत आम्ही अंगणात बसून होतो.

त्यामुळे वेगाचा विषय निघाला, की मी कान टवकारतो.

14 सप्टेंबर 2017 रोजी अहमदाबादला भारत आणि जपानच्या पंतप्रधानांनी बुलेट ट्रेनची पायाभरणी केली. मुंबई ते साबरमती 508 किलोमीटर, बारा स्थानके, वेग ताशी 320. सुरतेचे स्थानक गावात नाही, बारडोलीच्या वाटेवर अंत्रोलीला आहे. गेल्या खेपेस भाच्याच्या स्कूटरवर बसून ते बाहेरून पाहून आलो. शेताच्या आणि उसाच्या वर खांबांची रांग गेली आहे. नजर पुरत नाही. काम देखणे आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

भाचा यंत्रांच्या कामानिमित्त काही महिने जपानात राहून आला आहे. "मामा, खरी मजा टोकियो-ओसाकाच्या गाडीत नाही," तो म्हणाला, "यामागाताच्या गाडीत आहे."

टोकियो-ओसाकाची गाडी 1964 ची, तिचे कौतुक शाळेत आम्हीही शिकवले. यामागाता हा मात्र डोंगराआडचा जिल्हा. तिथे जाणाऱ्याने वेगवान गाडीतून फुकुशिमाला उतरायचे आणि जुन्या, अरुंद रुळांवरची गाडी पकडायची. जपान्यांनी 1992 साली ती जुनी लाईनच रुंद केली. 1067 मिलिमीटरचे अंतर 1435 केले. आता टोकियोहून 'त्सुबासा' म्हणजे 'पंख' नावाची गाडी दुसऱ्या गाडीला जोडून सुसाट येते, फुकुशिमाला सुटी होते आणि डोंगरात वळते. तिथे वेग 130 वर उतरतो. वाटेत रस्त्याची फाटके लागतात. जुने बोगदे अरुंद, म्हणून डबेही अरुंद. मग मोठ्या स्थानकांत दारातून एक पायरी बाहेर येते आणि फलाटाची फट भरून काढते. भाचा या पायरीविषयी फारच रंगून बोलत होता. मलाही ती आवडली. वेग निम्म्याहून कमी झाला तरी चालेल, पण म्हातारीला बोचके घेऊन मध्येच उतरावे लागू नये, असा हिशेब कोणीतरी मांडला होता.

आपल्याकडे हा हिशेब उलटा बसतो. आपली जुनी लाईन 1676 मिलिमीटरची. बुलेटचे रूळ जपानी मापाचे, 1435 चे. तिकडे जुनी वाट अरुंद होती म्हणून रुंद करता आली. इथे जुनीच वाट रुंद! बुलेट आमच्या रुळांवर कधी उतरणार नाही. ती उत्तर-दक्षिण जाणार, आमची गाडी पूर्व-पश्चिम. दोन्ही एकमेकींना ओलांडतात, एक वरून, एक खालून. उधना सोडल्यावर खिडकीतून मान वर केली की तो पूल दिसतो आणि क्षणात मागे पडतो.

बहिणीला हे रुळांचे गणित समजावत होतो. तिने एकच विचारले, "दादा, ती गाडी आपला गावले थांबी का?" नाही, म्हटले. "मग ज्यानाखालतून आपली गाडी जास, तठे तरी जिना करतीन का?"

एम.ए.पर्यंत शिकून मला हा प्रश्न सुचला नव्हता. ताप्ती लाईन 2018 साली दुहेरी झाली, वीजही आली. त्या पुलाखाली तिच्यावर एक थांबा, छप्पर असलेला जिना आणि अंत्रोलीपर्यंत बस एवढे झाले, तरी मुंबईची आमची माणसे तासा-दीड तासाने लवकर गावी पोहोचतील. पालक-सभेत हे बोललो. सुरतेत मुलगा असलेल्या एका बाप्याने लगेच विचारले, अर्ज कोणत्या भाषेत करायचा, मराठीत की गुजरातीत? दोन्हींत करू, म्हटले. मराठीतला मसुदा मी लिहून ठेवला आहे.