मान प्रेमाहून मोठा

गंगापूर रोड, नाशिक

चि. सई,



ठरवून केलेल्या लग्नात प्रेम कुठून आणायचं, असं तू विचारलंस. फोनवर बोलून संपणारी गोष्ट नव्हती, म्हणून लिहिते.

सध्या मी आपल्याकडच्या बेने इस्रायली लोकांविषयी वाचतेय, त्यात तुझ्या प्रश्नाला धरून काही सापडलं. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून त्यांचे पूर्वज किनाऱ्याला लागले, असं ते परंपरेनं सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची भाषा मराठी, लग्नाआधी मेंदीही असते. धर्म मात्र यहुदी.

त्या धर्मात शेजाऱ्याला आपल्यासारखंच मानून जीव लावायची आज्ञा आहे. तालमूद या त्यांच्या धर्मग्रंथातल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, तिचा आधार कशासाठी घेतला, पाहा. मुलीला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पुरुषानं लग्न ठरवू नये. नंतर काही खटकलं तर ती मनातून उतरेल आणि ही आज्ञाच मोडेल! मुलगी अजाण असताना बापानंही तिचं ठरवू नये, मोठी होऊन ‘मला हाच हवा’ असं ती म्हणेपर्यंत थांबावं, हेही तिथंच सांगितलंय. दीड हजार वर्षांहून जुनं आहे हे. पुढे सगळ्यांनी पाळलं असं नाही, पण सांगून ठेवलं होतं.

म्हणजे परक्याशी मायेनं वागायचा नियम आणि जोडीदारावरचं प्रेम वेगळं नाहीच. आपण बाहेर सगळ्यांशी अदबीनं बोलतो आणि ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यावरच घरी खेकसतो. बायकोवर स्वतःइतकं प्रेम करावं आणि मान मात्र स्वतःपेक्षा जास्त द्यावा, असं तालमूद सांगतं. मान प्रेमाच्याही वर ठेवलाय, सई. हे मला फार पटलं.

बेने इस्रायली लग्नात नवरी येते तेव्हा नवरदेव तिच्यासाठी हिब्रू गीत गातो. साक्षीदारांच्या सह्यांचा ‘केतुबा’ हा करारही असतो. अन्न, वस्त्र, सहवास ही नवऱ्याची बांधिलकी. तो गेला किंवा घटस्फोट झाला, तर तिला मिळायची रक्कमही त्यात लिहिलेली. गाण्याइतकाच हा कागदही मला प्रेमाचा वाटतो.

रविवारी मुलगा भेटायला येईल. तुझ्याशी गोड बोलेलच. चहा आणून देणाऱ्याशी कसा बोलतो, तेही बघ. आणि एका भेटीत होकार देऊ नकोस. तुझ्या आईला मी समजावते.

तुझी,
मावशी