पायरीची कड

सॅलफर्डमधल्या एका गल्लीचा जुना कृष्णधवल फोटो परवा पाहत बसले होते. काळ १९५०च्या आसपासचा. भिंतीला भिंत लागून उभी असलेली विटांची घरं, काजळीने काळवंडलेली. रस्त्यावर पावसाची ओल. एक बाई गुडघे टेकून दारातली पायरी घासते आहे. डोक्याला रुमाल, अंगावर फुलाफुलांचा एप्रन. साऱ्या फोटोत लख्ख उजळ असं एकच काय ते होतं, त्या पायरीची कड. तिच्यावर नजर गेली आणि मग बाकीचं काही दिसेचना.

ती कड चुन्याची नव्हे, रंगाचीही नव्हे. इंग्लंडच्या उत्तरेकडल्या गिरणगावांत तिच्यासाठी ‘डॉन्की स्टोन’ नावाची वडी मिळायची, साबणाच्या वडीसारखी हातात मावणारी. दगडाची भुकटी, सिमेंट आणि ब्लीच पावडर पाण्यात कालवून त्या घट्ट गोळ्याच्या वड्या पाडत आणि वाळवत. एका कारखान्याच्या वडीवर गाढवाचा छाप, दुसऱ्याच्या वडीवर सिंहाचा. मुळात ही वस्तू कापडगिरण्यांची. तिथल्या दगडी जिन्यांवर तेल सांडून ते निसरडे होत, ते घासायला ती लागे. गिरणीतून ती कामगारांच्या घरी आली आणि बायकांनी तिला वेगळ्याच कामाला जुंपलं. आधी बादलीभर पाण्याने पायरी घासून घ्यायची, ती ओली असतानाच कडेवरून वडी फिरवायची, ओल्या फडक्याने सारखी करायची आणि वाळू द्यायची. पांढरी, क्रीम किंवा तपकिरी, ज्या घराची जशी आवड. कुणी नुसती कड ओढी, कुणी अख्खी पायरी आणि खिडकीचा कट्टासुद्धा. कित्येक जणी दारापुढच्या फरसबंदीचा अर्धगोलही घासून काढत, म्हणजे आपलं घर कुठवर ते रस्त्यालाही कळावं. शाळेतून आलेल्या मुलांनी पायरीवर पाय न देता उडी मारून आत यायचं, हा नियम.

आणि वरून काजळी पडतच असे. घरोघरी कोळशाची शेगडी, शिवाय गिरण्यांची धुराडी. १९५६ साली धुराविरुद्धचा कायदा झाला, तरी आकाश निवळायला पुढे कितीतरी वर्षं गेली. सकाळी ओढलेल्या कडेची रया संध्याकाळपर्यंत जायची, पुन्हा ओढायची.

पायरीवरून बाईची परीक्षा व्हायची, शेजारणी नजर ठेवून असायच्या, त्या दडपणाखाली या बायका राबल्या, असं अभ्यासक म्हणतात. ते खरंच आहे. गुडघे कायमचे दुखावलेल्या बायका त्या पिढीत थोड्या नव्हत्या. पण मला एवढ्यावर थांबवत नाही. घर भाड्याचं, मजुरी गिरणीमालक ठरवणार, धूर तर कुणाच्याच हातातला नाही. त्यात ती एवढीशी कड मात्र कशी दिसावी हे तिचं तिने ठरवलेलं होतं. त्या फोटोत बाईचा चेहरा दिसत नाही. हात दिसतो, आणि तो कंटाळलेला वाटत नाही.

ही वडी बहुधा विकत घेत नसत. चिंध्या गोळा करणारा हातगाडी किंवा घोडागाडी घेऊन आरोळी देत गल्लीत यायचा. त्याला जुने कपडे द्यायचे, तो वडी द्यायचा. पोरांना कधी फुगा, तर कधी चक्क पाण्यासकट सोनेरी मासा. मला आमच्या वाड्यात दुपारी येणारी बोहारीण आठवली. आजी नऊवारीची घडी उलगडून दाखवायची, बोहारीण जर चोळून बघायची, पातेल्यावरून घासाघीस चाले आणि शेवटी एखादी चोळी जास्त घेऊनच ती उठे. सॅलफर्डच्या त्या दारातही असंच चाललं असणार, याबद्दल मला शंका नाही.

त्या चिंध्या पुढे जात कुठे? यॉर्कशरमधल्या बॅटली आणि ड्यूसबरी या गावांत. जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून, त्यांचं पुन्हा सूत काढायची युक्ती बॅटलीच्या बेंजामिन लॉ यांनी १८१३ साली काढली. शंभराहून अधिक वर्षं त्या गावांनी दुनियेच्या फाटक्या स्वेटरांतून घोंगड्या, कोट, गणवेश विणले. तो धंदा तिथून ओसरला आणि आज त्याचं एक मोठं केंद्र आहे पानिपत. थंड देशांतल्या लोकांनी टाकलेली लोकर गाठोड्यांनी तिथे येते आणि तिची ब्लँकेटं होतात, भूकंप-पुरात वाटतात ती. पानिपत म्हटलं की मराठी मनात १७६१खेरीज दुसरं काही येत नाही. मी मात्र हल्ली त्या ब्लँकेटांचाही विचार करते.

त्या पायरीशी कोण कोण येऊन उभं राहत असे! भाडं वसूल करणारा, विम्याचे आठवड्याचे पेनी नेणारा, पाठीवर पोतं घेतलेला कोळसेवाला. गॅसच्या मीटरमध्ये शिलिंग टाकल्याशिवाय चूल पेटत नसे. गॅसवाला आला की मीटरमधली नाणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतून मोजायचा आणि थोडी परत द्यायचा. सुटकेसमध्ये रुमाल, टाय, रेशमी कापड घेऊन दारोदार फिरणारे शीख फेरीवालेही त्यांत होते. ग्लासगो, कार्डिफ, मँचेस्टरच्या कितीतरी बायकांनी आयुष्यात पहिला भारतीय माणूस पाहिला तो आपल्याच पायरीशी.

पहाटे दूधवाला बाटल्या ठेवून जायचा. दूध साधं, त्यामुळे साय वर तरंगायची. ब्लू टिट हा मुठीएवढासुद्धा नसलेला पक्षी बाटलीचं झाकण फोडून ती साय खायला शिकला. याची पहिली नोंद १९२१ सालची, साउदॅम्प्टनजवळच्या स्वेदलिंगची. पुढे हे लोण देशभर पसरलं, बाटलीवर पालथा घालायला बायका दूधवाल्यासाठी कप ठेवू लागल्या. जेम्स फिशर आणि रॉबर्ट हाइंड यांनी ठिकठिकाणच्या निरीक्षकांकडून माहिती मागवून १९४९ साली त्यावर निबंध लिहिला. ब्लू टिट आपलं ठिकाण सोडून फारसा दूर जात नाही, तेव्हा ही युक्ती वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या पक्ष्यांना स्वतंत्रपणे सुचली असावी, असं त्यांना वाटलं. मला त्या पक्ष्यांइतकंच माहिती कळवणाऱ्यांचं कौतुक वाटतं. युद्ध नुकतंच संपलेलं, साखर-मटण अजून रेशनवर, आणि ही माणसं आपल्या गावात पहिली बाटली केव्हा फुटली ते आठवून, नीट लिहून, टपालात टाकत होती.